पेटीला लाख, काचेला राख

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून जुन्या समया, मोडका पाळणा आणि आजोबांचा कॅमेरा या तीन वस्तू हमखास खाली येतात. समया चिंचेने घासून देवापुढे जातात, पाळणा पुन्हा वर जातो, आणि कॅमेरा मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात राहतो. तो फुंकर मारून धूळ उडवतो, पितळी भिंगावरून अंगठा फिरवतो आणि त्याच्या मनात एक आकडा उभा राहतो. कुठल्याशा परदेशी लिलावात असलाच कॅमेरा कोट्यवधींना गेल्याची बातमी त्याने वाचलेली असते.

गेली काही वर्षे असे कर्ते पुरुष माझ्याकडे येतात. माझे चुलते फोटोग्राफर होते, तेव्हा मला त्यातले कळत असणार असा गावाचा समज आहे. पेटी टेबलावर ठेवून, फडक्याची गाठ सुटण्याआधीच ते विचारतात, "काय येतील हो याचे?" हा कॅमेरा कोणाच्या हातचा, त्याने काय काय टिपले, त्यातून निघालेल्या काचा कुठे आहेत, याबद्दल आजवर एकाने चकार शब्द काढलेला नाही.

माझे उत्तर ठरलेले आहे, आणि ते ऐकून पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात. यंदा ते उत्तर छापूनच टाकावे म्हणतो. त्यात भांडण आहे हे आधीच सांगतो. ज्यांना सणासुदीला भांडण नको असेल त्यांनी पाने उलटून पुढची कथा वाचावी.

प्रथम त्या आकड्यांचा समाचार घेऊ, कारण सारी भूल त्यांनीच घातली आहे. व्हिएन्ना शहरात जुन्या कॅमेऱ्यांचे मोठे लिलाव होतात. तेथे २००७ साली सुस बंधूंनी १८३९ मध्ये बनवलेला दागेरच्या पद्धतीचा एक कॅमेरा पाच लाख ऐंशी हजारांहून अधिक युरोंना गेला. २०१० साली त्याच १८३९ मधला, पॅरिसच्या जिरूने बनवलेला आणि दागेरच्या सहीची पट्टी लावलेला कॅमेरा ७,३२,००० युरोंना गेला. आपल्या हिशेबात तेव्हाचे चार कोटी रुपये. नवा होता तेव्हा या पेटीची किंमत ४०० फ्रँक होती. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकण्यासाठी बनवलेले जगातले पहिले कॅमेरे ते हेच. 'फुल प्लेट', 'हाफ प्लेट' ही मापे आपल्या गावोगावच्या स्टुडिओत रुळली तीही मुळात दागेरच्या पट्टीवरूनच आली. तेव्हा या पेटीला चार कोटी पडले तर त्यात वावगे काय, असे कोणी म्हणेल.

थांबा. २०२२ साली त्याच ऑस्ट्रियन लिलावखान्यात लायका कंपनीचा एक छोटा कॅमेरा गेला १ कोटी ४४ लाख युरोंना, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या वर. हा काचेवर नव्हे, फिल्मवर चालणारा, १९२३ च्या सुमाराचा चाचणीचा नमुना. जगातल्या पहिल्या कॅमेऱ्यांपैकी एकाच्या जवळजवळ वीस पट! याचा अर्थ काय लावायचा? इतिहासातले महत्त्व किमतीवर ठरत असते तर जिरूची पेटी सर्वांच्या वर बसली असती. अर्थ एवढाच की लायका जमवणाऱ्या धनिकांची संख्या मोठी आणि त्यांची आपसातली चुरस तीव्र. लिलावातला भाव म्हणजे वस्तूची योग्यता नव्हे. एकाच वस्तूसाठी हात वर करणाऱ्या शेवटच्या दोन माणसांची ईर्ष्या म्हणजे भाव. तिसरा माणूस केव्हाच खाली बसलेला असतो. त्यातही हातोडा पडतो तो १ कोटी २० लाखांवर. वरचे २४ लाख लिलाववाल्याचे.

आता तुमच्या माळ्यावरच्या पेटीकडे येऊ. ती बहुधा इंग्लंडात बनलेली, महोगनी लाकडाची, पितळी कोपऱ्यांची, लाल किंवा काळ्या चामड्याच्या भात्याची हाफ प्लेट असते. मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंगहॅम गावी थॉर्नटन-पिकार्ड कंपनीने असे कॅमेरे ढिगांनी काढले. सँडरसनच्या नावाचेही अमाप निघाले. त्यांचे लाकूड सुंदर, सांधे असे की नख शिरू नये. परंतु सुंदर म्हणजे दुर्मिळ नव्हे. विलायतेतल्या बाजारात असा कॅमेरा काहीशे पौंडांच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि तेही भिंग मूळचे, भाता अभंग, काच धरण्याच्या चौकटी सोबत आणि निर्मात्याची पट्टी जागेवर असेल तर. भाता फाटका निघाला की भाव निम्म्यावर. हे ऐकले की पाहुण्यांचा चहा थंड होतो.

पण माझे भांडण भाव कमी का येतो याबद्दल नाही. तो कशाला येतो याबद्दल आहे. लिलावाच्या यादीत प्रत्येक पेटीपुढे तिच्या प्रकृतीचा दर्जा लिहिलेला असतो, अव्वल, दुय्यम, तिय्यम असा. अव्वल म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखी. भात्याला ठिगळ लावले, लाकडाला नवे रोगण दिले, पेच बदलला की दर्जा उतरला. म्हणजे जो कॅमेरा सर्वांत कमी राबला तो सर्वांत श्रेष्ठ! ज्याच्या अंगाला कधी लाल माती लागली नाही त्या पहिलवानाला आपण हिंदकेसरी ठरवू काय? मग चामड्याची घडी एकदाही न उलगडलेल्या पेटीला मानाचे पान का?

यावर लायकाची तीच पेटी पुढे करण्यात येईल. ती वापरातली होती. लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक याने स्वतः हाताळलेली होती, आणि म्हणूनच एवढ्या किमतीला गेली. मान्य. यातून नियम असा निघतो की, डाग बार्नाकच्या बोटांचा असेल तर तो अलंकार, आणि तालुक्याच्या गावातल्या एखाद्या रामभाऊंच्या बोटांचा असेल तर तो दोष. असला न्याय ज्या बाजाराचा आहे त्याला आपल्या घरातल्या वस्तूची पारख करायला बोलवायचे, ही कुठली अक्कल?

आपल्यापुरती गंमत आणखी पुढे आहे. वसाहतींच्या दमट हवेत साधा कॅमेरा टिकेना. चामड्याचे आवरण बुरसे, किडे खात, सरस सुटून सांधे उघडे पडत. म्हणून विलायती कंपन्यांनी सागवानाचे, सांध्यांना पितळी पट्ट्या ठोकलेले खास 'ट्रॉपिकल' कॅमेरे बनवले. आज संग्राहक त्यांना साध्या भावंडांपेक्षा बराच जास्त भाव देतात. पण कोणत्या ट्रॉपिकलला? ज्याने आपला उन्हाळा-पावसाळा पाहिलाच नाही अशाला! जो इथे येऊन खरोखर राबला, ज्याच्या पितळेवर हिरवट डाग पडले, त्याचा दर्जा तिय्यम. उष्ण प्रदेशासाठी जन्मलेल्याने उष्ण प्रदेशात जाऊ नये, हा या बाजाराचा शास्त्रार्थ. त्यात आपल्याच देशातले चलाख कारागीर लाकूड-पितळेचे शोभेचे कॅमेरे बनवून त्यांवर जुन्या कंपन्यांची नावे ठोकतात, आणि हौशी लोक ते अस्सल म्हणून घरी नेतात. त्या डब्यांतून आयुष्यात एक चित्र निघायचे नाही. पण दिवाणखान्यात ते शोभतात झकास. ज्याला पेटीच हवी होती त्याला पेटी मिळाली. त्याने तक्रार कशाला करावी?

पेटीचाही सगळा देह या बाजाराला नको असतो. व्हिएन्नाच्या पेट्झव्हालने १८४० साली माणसांच्या तसबिरींसाठी जे भिंग गणित मांडून तयार केले, त्या घडणीच्या जुन्या पितळी भिंगांना आज नव्या कॅमेऱ्यावर लावणारे गिऱ्हाईक आहे. त्यांतून चेहऱ्यामागची झाडे भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात, त्याची हौस. म्हणून व्यापारी भिंग काढून वेगळे विकतो, पेटी वेगळी विकतो, तिपाई वेगळी. आणि काचा?

आता मला घरचे सांगितलेच पाहिजे.

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, गाव फोटोवाले तात्या म्हणे. १९३८ साली त्यांनी मुंबईहून एक जुना विलायती हाफ प्लेट आणला. पुढे तो फार जड पडू लागला तेव्हा केरळातल्या अलप्पुझाचा 'वागीश्वरी' नावाचा सागवानी कॅमेरा घेतला. आपल्याच देशात घडलेला हा कॅमेरा त्या काळात ठिकठिकाणच्या स्टुडिओंतून दिसे. लग्ने, मुंजी, शाळेचे ग्रुप, तालमीतली पोरे, साखर कारखान्याच्या पायाभरणीची गर्दी, आणि ज्यांचा जिवंतपणी फोटो काढायचा राहून गेला अशी, खुर्चीत टेकवून बसवलेली माणसे, हे सारे तात्यांनी काळ्या कपड्याखाली डोके घालून उलटे पाहिले आणि काचेवर सरळ उतरवले. रात्री लाल दिव्यात काच धुतली जाई. सकाळी ते टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण पुसट करीत बसत. प्रत्येक काचेला नंबर, प्रत्येक नंबराची वहीत नोंद. अशा साडेतीन हजारांवर काचा मागल्या खोलीत फळ्यांवर उभ्या होत्या.

तात्या १९७९ साली गेले. दोन वर्षांनी मुंबईचा एक व्यापारी आला. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. त्याने विलायती कॅमेरा पाहिला, भिंगावरचे नाव वाचले आणि नऊशे रुपये मोजले. तात्यांचे औषधपाण्याचे देणे बाकी होते. नऊशे रुपये आम्हांला थोडे नव्हते. वागीश्वरीकडे त्याने पाहिलेही नाही. ज्याने सर्वांत जास्त काम केले होते तो कॅमेरा मोडका म्हणून राहिला आणि पुढे पोरांनी खेळून संपवला. काचांचे काय, असे काकूने विचारले. व्यापारी म्हणाला, "त्या फ्रेमवाल्याला घाला, काच चांगली आहे."

मीच फ्रेमवाल्याला बोलावून आणले. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्याच्या पोरांनी आमच्या अंगणात काचा भिजवल्या. चित्राचा थर सायीसारखा सुटून येई आणि मोरीकडे वाहून जाई. तिसऱ्या दिवशी साडेतीन हजार माणसांची गर्दी संपून स्वच्छ पारदर्शक काचांचे गठ्ठे तयार झाले. पुढे त्या देवांच्या तसबिरींना लागल्या. मी त्यांना चहा करून दिला होता. हे कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्या कोणावर रागावण्याचा अधिकार नाही.

वही मात्र राहिली, कारण तिला रद्दीचाही भाव नव्हता. १९९४ साली शेजारच्या वाडीतून एक म्हातारी आली. तिच्या बटव्यात तात्यांच्या हातची पावती होती, सन ५६ ची. तिचा थोरला सात वर्षांचा होऊन विहिरीत बुडाला होता. घरातला फोटो पुरात गेला होता. "काच आसंल न्हवं तात्यांची?" तिने विचारले. मी वही काढली. नंबर १२१४, मुलगा, उभा, हातात टोपी, हाफ प्लेट, प्रती दोन. नोंद स्पष्ट होती. म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी सांगितले ते ऐकून ती रागावली नाही. "बरं," एवढेच म्हणाली आणि पावती पुन्हा घडी करून बटव्यात ठेवली.

तेव्हापासून कॅमेऱ्याच्या भावाची बातमी वाचली की मला नंबर १२१४ आठवतो.

बाजाराची बाजू मांडणारे काही अगदीच मूर्ख नाहीत. ते म्हणतात, भाव आला म्हणून तर पेट्या वाचल्या, नाहीतर त्या बंबात गेल्या असत्या. खरे आहे. चोखंदळ संग्राहकांनी जुन्या कंपन्यांचा, भिंगांचा, क्रमांकांचा जो अभ्यास केला तो एरवी कोणी केला नसता. पण भावाने पेटी वाचवली ती काचांपासून तोडून. घराला आग लागली असता तिजोरी बाहेर काढावी आणि पाळण्यातले मूल आत ठेवावे, तसे ते वाचवणे झाले.

दुसरे म्हणतात, कोणा अनोळखी खेडुतांच्या चेहऱ्यांना कोण विचारतो? अमेरिकेत अर्कान्सास राज्यातल्या हीबर स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावी माइक डिसफार्मर नावाचा एक विक्षिप्त फोटोग्राफर होता. १९५९ साली वारला. त्याच्या स्टुडिओतले सामान कोणीतरी नाममात्र किमतीत उचलले आणि सुदैवाने काचा धुतल्या नाहीत. १९७६ साली त्या चित्रांचे पुस्तक निघाले, आणि शेतकऱ्यांचे, सैनिकांचे, बहिणीबहिणींचे ते साधे उभे फोटो आज कलासंग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. त्याच देशात यादवी युद्धाच्या कितीतरी काचा मात्र बागवानांच्या काचघरांना लागल्या आणि उन्हाने पुसून गेल्या असे सांगतात. फरक चित्रांत नव्हता. काच कोणाच्या हाती पडली एवढाच होता. आपल्याकडे राजा दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सांभाळल्या आहेत. राजाच्या नावाला वारस भेटला. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डचा फार मोठा संग्रह १९९१ च्या आगीत गेला, आणि ती जुनी पेढी २०१६ मध्ये बंद झाली. नामांकितांची ही गत, तर फोटोवाल्या तात्यांची काय कथा!

आणि ही हेळसांड महाराष्ट्राला तरी शोभत नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. फ्रान्सने दागेरची पद्धत जगासमोर उघडी केल्याला तेव्हा पुरती सोळा वर्षेही झाली नव्हती. १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी नाडी पाहता पाहता काचेवर चित्रे उतरवीत होते. इतक्या लवकर हे शास्त्र आपलेसे करणाऱ्या प्रांताने काचा मात्र फ्रेमवाल्याला घालाव्यात?

ज्यांनी हे शास्त्र दिले त्यांची आठवणही इथे काढली पाहिजे. १८५१ साली काचेवर ओल्या कलोडियनचा थर देण्याची रीत फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केली. तिचे पेटंट त्याने घेतले नाही. १८५७ साली तो दारिद्र्यात वारला. १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना डॉ. मॅडॉक्सने अशीच जगाला देऊन टाकली. तात्यांसारखे हजारो जण ज्या विद्येवर पोट भरू शकले ती अशी फुकट मिळालेली होती. दात्याने विद्या मोकळी सोडली, आणि आपण तिच्या डब्याची बोली लावत बसलो आहोत.

मग करावे काय? विकू नका असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरी देणे आहे त्याला वारशाचे प्रवचन देण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण कॅमेरा, काचा आणि वही या तिघांची फारकत करू नका. करावीच लागली तर आधी काचांच्या नकला करून घ्या. आज हे काम साध्या यंत्राने घरच्या घरी होते. काच कडेने धरा, मंद बाजूला बोट लावू नका, पाण्यात घालू नका, आडव्या थप्प्या रचू नका. कागदात गुंडाळून लांब कडेवर उभ्या ठेवा. तात्या तशाच ठेवत. गावोगावच्या नगरवाचनालयांनी जुन्या स्टुडिओंच्या काचा मागून घ्याव्यात. एक कपाट आणि एक कोरडी खोली याहून अधिक लागत नाही. आणि परदेशी लिलावाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा वाचावा. गतकाळच्या शास्त्राचा नमुना असलेली, शंभर वर्षे पुरी झालेली वस्तू त्याच्या शब्दांत बसू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पेटीला निदान कायद्याची एवढी आडकाठी आहे. काच अंगणात धुतली जात असता आडवा येणारा शिपाई कुठल्याही सरकारने नेमलेला नाही. ती जागा आपली आहे.

तेव्हा यंदा माळा झाडाल आणि कॅमेरा खाली येईल, तर माझ्याकडे जरूर या, चहा आहेच. पेटीचे किती येतील हे मी सांगेन, आणि आकडा लहान असेल. पण फडक्याची गाठ सोडण्याआधी मी तुम्हांला विचारीन, काचा कुठे आहेत? त्याचे उत्तर घरी शोधून मगच निघा. माळ्याच्या त्याच कोपऱ्यात, आणखी एक हात आत, बहुधा एक जड खोका असेल. तो आधी उतरवा. आणि जपून उतरवा, आत माणसे आहेत.